पाठ कुणाची लागली, लाज कुणाची गेली?

उमरखेड, पुसद, दिग्रस, दारव्हा या पट्ट्यात कुस्तीचा शौकीन भेटला आणि बोलणं जरा रंगलं की एक प्रश्न हमखास निघतो. जिंकलं कोण ते सगळ्यांना पाठ असतं. भांडण असतं ते हरलेल्यांवरून: जास्त लाजिरवाणं कोण हरलं? नावं बहुधा तीनच येतात, शिवराज राक्षे, महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख. तिघंही महाराष्ट्र केसरीच्या खुल्या गटातले, म्हणजे ८६ ते १२५ किलोंतले वजनदार मल्ल. गंमत अशी की २०२३ या एकाच वर्षात तिघंही एकमेकांकडून हरले. जानेवारीत गायकवाडने सिकंदरला हरवलं, लगेच राक्षेने गायकवाडला पाडलं आणि नोव्हेंबरात सिकंदरने राक्षेची पाठ लावली. गाडी फिरून पहिल्या ठेसनावर आली, त्यामुळे वाद सुरू कुठून करायचा हेच ठरत नाही.

यातला एकही मल्ल यवतमाळचा नाही. तरी इथे पक्ष पडायला जागा आहे. राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा, पण उतरला नांदेडच्या नावावर. सिकंदर सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळकडचा, पण त्या वर्षी वाशीमकडून खेळला. नांदेड पैनगंगेच्या पलीकडच्या काठाला आणि वाशीम दिग्रस-दारव्ह्याला लागून. तेव्हा उमरखेडच्या माणसाने राक्षेला शेजारचा म्हणावं आणि दिग्रसच्या माणसाने सिकंदरला, याला कुणाची हरकत असणार? पश्चिम महाराष्ट्राच्या तालमींत घडलेले मल्ल असे जिल्ह्याच्या नावाने वाटून घ्यावे लागतात, हे विदर्भ-मराठवाड्याच्या कुस्तीचं दुखणं आहे. तो विषय वेगळा.

या वादात आज कोण काय म्हणतं आणि कशाचा निकाल अजून लागलेला नाही, ते पाहू.

माती आणि गादी

वादाचं मूळ तिघा मल्लांच्या फार मागे आहे. गावातल्या आम दंगलीत हार एकाच प्रकारची असते. पाठ लागली, आभाळ दिसलं, संपलं. नागपंचमीला, यात्रेत किंवा उरुसाला आखाडा बसतो, जोड लावली जाते, इनाम पुकारलं जातं. ठरल्या वेळात निकाल लागला तर ठीक, नाहीतर बरोबरी सोडवतात आणि इनाम वाटून देतात. गुणांचा हिशेब लागलाच तर अगदी शेवटी, जादा वेळ देऊन. अशा आखाड्यात बरोबरी सुटलेल्या मल्लाला कुणी हरलेला म्हणत नाही.

गादीवरचा कायदा निराळा. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, ताबा घेतला की दोन गुण, उभ्याने फेकून पाठ धोक्याच्या कोनात नेली की चार, रिंगणाबाहेर गेला की समोरच्याला एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. म्हणजे पाठीला गादीचा स्पर्शही न होता मल्ल साफ हरू शकतो. ज्याची नजर मातीवर तयार झाली त्याला ही हार अर्धी वाटते आणि ज्याने नियमपुस्तक वाचलं त्याला ती पुरी वाटते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून (स्थापना १९१४) शारीरिक शिक्षण घेऊन आलेले मास्तर आणि गावच्या आखाड्यातले वस्ताद एकाच बाकावर बसून वेगळा निकाल देतात, तो यामुळे.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेने माती आणि गादी एका छपराखाली आणली. कुस्तीगीर परिषद १९५३ ची, स्पर्धा १९६१ पासूनची. पहिला किताब औरंगाबादला दिनकर दह्यारी यांनी घेतला. आज माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अंतिम फेरीत भिडतात. दोन पद्धतींची नजर घेऊन आलेले प्रेक्षक एकच कुस्ती पाहतात आणि घरी जाताना दोन वेगळ्या कुस्त्या पाहिल्यासारखे भांडतात.

पाच कुस्त्या

जानेवारी २०२३, कोथरूड. माती विभागाच्या अंतिम लढतीत गायकवाडने सिकंदरला बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. त्या चार गुणांवर लढत फिरली. सिकंदरची पाठ खरंच धोक्याच्या कोनात गेली होती, की तो कुशीवर पडून लगेच वळला होता, यावर महाराष्ट्रभर चित्रफिती फिरल्या. पंचांना धमकीचा फोन गेला, इतकी ती चर्चा तापली. त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत राक्षेने गायकवाडला मिनिटभराच्या आत चितपट केलं.

नोव्हेंबर २०२३, पुण्याजवळचं फुलगाव. सिकंदरने राक्षेला झोळी डावावर अवघ्या काही सेकंदांत आडवं केलं. गतविजेता उतरला, हात मिळवला, खडाखडी सुरू होते न होते तोच कुस्ती संपली.

फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. इथे दोन घटना एका संध्याकाळी घडल्या. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळने राक्षेला चितपट केल्याचं पंचांनी जाहीर केलं. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रीकरण पाहा, असं राक्षेचं म्हणणं. ते ऐकलं जात नाही असं दिसल्यावर त्याने पंचांना लाथ मारली. नंतर मोहोळविरुद्धच्या अंतिम लढतीत गुणांवरून वाद झाला आणि गायकवाड शेवटचे काही सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. दोन वेळचे विजेते चंद्रहार पाटील यांनी पंचगिरीवर जहाल टीका केली, २००९ मधल्या आपल्या पराभवाची आठवण काढली आणि गदा परत करण्याची घोषणा केली. एका पराभवाची बोच पंधरा-सोळा वर्षं टिकते, याचा तो जाहीर दाखला होता.

घड्याळ लावून मोजणारे

पहिला पक्ष वेळ मोजतो. जितकी लवकर हार तितकी लाज जास्त, हे त्यांचं साधं गणित. या गणिताने फुलगावचा राक्षे पहिला आणि कोथरूडचा गायकवाड दुसरा. वर्षभर खुराक, पहाटेच्या जोर-बैठका, हजारो माणसं आणि सगळं अर्ध्या मिनिटात मातीमोल. त्यांच्या म्हणण्यात दम नाही असं नाही. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला लढत पाहायला मिळाली नाही, ही तक्रार खरीच आहे.

पण झोळी जवळून पाहिलेला माणूस या गणिताला मान हलवत नाही. समोरचा पटात घुसायला वाकतो. त्या क्षणी त्याची मान एका हाताच्या कवेत आणि गुडघा दुसऱ्या हाताच्या कवेत सापडला, दोन्ही हातांची गाठ बसली, की माणसाचं गाठोडं होतं. मान आणि गुडघा एकमेकांकडे ओढले जातात, पाठीला बाक येतो आणि त्या गोल पाठीवर उलटं लोळण्यापलीकडे काही उरत नाही. १२० किलोंचं वजन तिथे उपयोगाचं नसतं, उलट तेच गडगडायला मदत करतं. चूक एकच होते, डोकं चुकीच्या बाजूला जाण्याची, आणि ती पहिल्या सेकंदाला झाली काय नि पाचव्या मिनिटाला झाली काय, परिणाम तोच.

वेळ मोजणाऱ्यांना जुनं उदाहरण गामाचं देतात. १९१० साली लंडनला गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को अडीच तासांहून जास्त लढले. त्यातला बहुतेक वेळ झिबिस्को पोटावर पडून गादीला चिकटून होता. कुस्ती बरोबरीत सुटली आणि आठवड्याने ठेवलेल्या फेरलढतीला झिबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळाला दोघं पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केलं. आता लाजिरवाणं काय, अडीच तास न हरता पडून राहणं, फेरलढत टाळणं, की अठरा वर्षांनी येऊन मिनिटात हरणं? मला तर १९२८ चा झिबिस्को त्या तिन्हींत सगळ्यात ताठ वाटतो. पन्नाशीला टेकलेला माणूस परक्या देशात येऊन उभा तर राहिला.

मैदान सोडणं आणि हात-पाय उचलणं

दुसरा पक्ष म्हणतो, पाठ लागणं ही लाजच नव्हे. तालमीत आला त्याची पाठ कधीतरी लागणारच. लाज आहे ती आखाडा सोडण्यात. त्यांच्या यादीत अहिल्यानगरचा गायकवाड सर्वांत वर. काही सेकंद उरले होते, उलटवायची संधी कागदावर तरी शिल्लक होती, ती स्वतःच्या हाताने सोडली. गायकवाडच्या बाजूने बोलणारे म्हणतात की ज्या पंचगिरीवर विश्वासच उरला नाही तिच्यापुढे उरलेले सेकंद खेळून काय मिळणार होतं; निघून जाणं हाच त्याचा निषेध होता. मैदानातून बाहेर पडणाऱ्या मल्लाच्या मनात राग होता की निषेध, हे दुरून पाहणाऱ्याला कळत नाही. निकालपत्रकात मात्र दोन्हींची नोंद सारखीच होते.

राक्षेच्या लाथेबद्दल मतं जास्त टोकाची आहेत. एक गट ती लाथ पराभवापेक्षा शंभर पटींनी वाईट मानतो. गावच्या दंगलीत पंच म्हणजे बहुतेकदा जुना पैलवान नाहीतर शाळेचा मास्तर, बिनपगारी, डोक्याला फेटा आणि हातात शिट्टी. राज्याच्या सर्वोच्च स्पर्धेत पंचाच्या अंगावर पाय जातो हे पाहिल्यावर खेड्यात हे काम कोण पत्करणार? दुसरा गट कृत्याचं समर्थन करत नाही, पण त्यामागची तगमग समजून घ्या म्हणतो. या किताबाला फक्त गदा लागलेली नाही. नरसिंग यादव आणि विजय चौधरी हे तीन-तीन वेळचे विजेते पोलीस उपअधीक्षक झाले. एका खांद्याच्या दोन बोटं अंतरावर माणसाची नोकरी, घर आणि वस्तादाची सगळी मेहनत लटकलेली असेल आणि दाद मागायला दार नसेल, तर डोकं फिरणं अशक्य नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही गट वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. लाथ अक्षम्य होती. खांदा टेकला होता की नाही, हा प्रश्न लाथेने सुटत नाही आणि बंदीनेही सुटत नाही.

अन्यायाची हार, हार नव्हेच?

तिसरा पक्ष सिकंदरचा. कोथरूडला तो हरला, पण हार त्याच्या माथी मारली गेली, म्हणून लाज त्याची नाही, असं तो पक्ष म्हणतो. या म्हणण्याला मराठी कुस्तीत वजनदार पूर्वज आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना जपानी मल्लाशी लांबलेल्या लढतीनंतर विश्रांती न देता लगेच सोव्हिएत मल्लासमोर उतरवलं गेलं. मधे नियमाप्रमाणे अर्धा तास मिळायला हवा होता. त्यासाठी भांडायला भारताचा अधिकारी तिथे नव्हता. खाशाबा ती लढत हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. त्या हारीला आजवर कुणी लाजिरवाणी म्हटलेलं नाही. उलट ती व्यवस्थेची हार म्हणून सांगितली जाते.

अडचण अशी की हा युक्तिवाद सगळ्यांनाच लागू पडतो. कोथरूडला सिकंदरवर अन्याय झाला म्हणायचं, तर अहिल्यानगरला राक्षेवर झाला नाही हे कशावरून? आणि मग गायकवाडने काय पाप केलंय? प्रत्येक पक्ष आपल्या मल्लाच्या हारीला पंच जबाबदार धरतो आणि दुसऱ्याच्या हारीला त्याचा मल्ल. पुराव्याचीही तऱ्हा आहे. गावात निकालावरून बाचाबाची झाली की हरलेल्याला फिरवून त्याच्या पाठीवरची माती दाखवतात. पण पैलवान अंगाला माती चोळूनच उतरतो, कुस्तीत समोरचाही मूठभर टाकतो, तेव्हा त्या मातीवरून सिद्ध काय करणार? गादीवर निदान पंच गालफड गादीला टेकवून खांद्याखालचा उजेड पाहतो. तरीही समोरच्या बाजूने बसलेल्याला तो उजेड दिसतच नाही.

चौथं एक म्हणणं कुजबुजीत येतं. मोठा मल्ल झटकन पडला की कुणीतरी ‘जुळवलेली दिसते’ म्हणून जातो. नूरा कुस्ती हा आरोप मैदानी कुस्तीइतकाच जुना आहे. वरच्या पाच कुस्त्यांबद्दल त्याला आधार देणारं काहीही समोर आलेलं नाही, म्हणून तो इथेच सोडतो.

बॉक्सिंगवाल्यांचं हेच दळण

जगभरचे बॉक्सिंग शौकीन हेवीवेट विजेत्यांवरून अगदी हेच दळण दळत असतात, आणि त्यांच्याकडे उदाहरणं ढिगाने आहेत. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत माइक टायसन दहाव्या फेरीत बस्टर डग्लसकडून आडवा झाला. पैजेचा भाव डग्लसच्या विरोधात ४२ ला १ इतका होता. २०१९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला अँथनी जोशुआ ऐनवेळी बदली म्हणून आणलेल्या, पोट सुटलेल्या अँडी रुइझकडून सातव्या फेरीत हरला. सनी लिस्टन १९६४ मध्ये सातव्या फेरीला स्टुलावरून उठलाच नाही आणि तरुण कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, विजेता झाला. पुढच्या वर्षी तोच लिस्टन पहिल्याच फेरीत अशा ठोशाने पडला की तो बसलेला अनेकांनी पाहिलाच नाही. तिकडचे वादी लिस्टनला टायसनच्या खाली ठेवतात. टायसन मार खाऊन पडला, तोंडातला निसटलेला संरक्षक चाचपडत उठायला धडपडत राहिला. लिस्टन बसून राहिला. अहिल्यानगरच्या वादात दुसरा पक्ष जे म्हणतो, तेच हे.

या सगळ्यात आपल्याकडे कमी बोलली जाणारी एक कसोटी तिकडे ठळक आहे: उट्टं काढलं का? लेनक्स लुईस हसीम रहमानकडून २००१ मध्ये पाचव्या फेरीत झोपला आणि त्याच वर्षी त्याने रहमानला चौथ्या फेरीत झोपवलं. आज लुईसचं नाव काढताना ती हार कुणी आधी काढत नाही. जोशुआनेही सहा महिन्यांत रुइझकडून किताब परत घेतला. टायसनला डग्लसशी पुन्हा लढायला मिळालंच नाही, म्हणून टोकियो त्याच्या नावाला चिकटलं. या कसोटीने सिकंदरचंही खातं पुरतं चुकतं झालं नाही: फुलगावला त्याने पाडलं ते राक्षेला, त्याला हरवणाऱ्या गायकवाडला नव्हे. वरच्या कुस्त्यांपुरतं पाहिलं तर राक्षे आणि गायकवाड यांचीही खाती उघडीच आहेत.

कमी लेखलेल्याकडून हरणं ही तिकडची मोठी लाज आपल्याकडे मात्र फारशी चालत नाही. १९५९ ला दिल्लीत श्रीपती खंचनाळे यांनी बंतासिंगला पाडून हिंदकेसरी घेतली. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या सतपालला युवराज पाटील आणि हरिश्चंद्र बिराजदार यांनी पाडलं. त्या कहाण्या आपण आपल्या मल्लांच्या विजयाच्या म्हणून सांगतो. हरलेल्याची थट्टा त्यात क्वचितच येते. सतपालचं नाव तर कोल्हापुरात आजही आदराने घेतलं जातं. परक्याच्या हारीला आपण उदार असतो. चिखल उडतो तो घरातल्यांवर.

अजून न सुटलेलं

पहिला गुंता किताबाचाच. २०२२ मध्ये जुनी कुस्तीगीर परिषद राष्ट्रीय महासंघाने बरखास्त केली, नवी संघटना उभी राहिली. तिची धुरा आली आपल्या शेजारच्या, वर्धा जिल्ह्यातल्या देवळीच्या रामदास तडस यांच्याकडे. ते स्वतः विदर्भ केसरी राहिलेले आणि तेव्हा खासदार. जुनी परिषदही हटली नाही. परिणामी नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवच्या स्पर्धेत राक्षेही झाला. २०२५ मध्ये अहिल्यानगरला मोहोळ आणि पुढच्याच महिन्यात कर्जतला वेताळ शेळके. राक्षेला ‘दोन वेळचा महाराष्ट्र केसरी’ म्हणायचं की एक वेळचा, हे तुम्ही कोणती संघटना मानता त्यावर अवलंबून. हार किती मोठी, हे हरणाऱ्याच्या उंचीवरून ठरत असेल, तर इथे उंचीवरच एकमत नाही.

दुसरा गुंता दाद मागण्याचा. आंतरराष्ट्रीय गादीवर प्रशिक्षकाला आव्हान देता येतं, चित्रीकरण पाहिलं जातं आणि आव्हान फसलं तर समोरच्याला एक गुण मिळतो. राज्य पातळीवर चितपटीचा निर्णय कोणत्या कोनातून, किती कॅमेऱ्यांनी आणि कुणासमोर तपासायचा, यावर मल्लांचा भरवसा बसेल अशी घडी अजून बसलेली नाही. माती विभागात तर प्रश्न आणखी किचकट, कारण तिथे उडालेली धूळ आणि मल्लाभोवती फिरणारे पंच यांच्यात कॅमेऱ्याला खांदा दिसणं नशिबाचा भाग असतो.

शिक्षेच्या मापाचं काय, हाही प्रश्न आहे. पंचाला मारणारा आणि चालता झालेला, दोघांना तीनच वर्षं. हे माप अनेकांना खटकतं, मलाही खटकतं. लाथ आणि माघार एका तागडीत तोलली तर पुढच्या रागावलेल्या पोराला दोन्हींतला फरक कसा कळावा?

माझा क्रम विचारला तर सांगतो: सगळ्यात खाली लाथ, तिच्यावर सोडलेलं मैदान, आणि काही सेकंदांत लागलेली पाठ या यादीतच नाही. तुमचा क्रम वेगळा असू शकतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दंगल भरवणाऱ्या मंडळांना मात्र एक विनंती. दंगलीच्या पत्रकावर इनामाचे आकडे आणि पाहुण्यांचे फोटो ठळक छापता. त्याच पत्रकावर, अगदी तळाशी का होईना, तीन गोष्टी छापा: कुस्तीची वेळ किती, वेळेत निकाल न लागल्यास बरोबरी की गुण, आणि निकालावर हरकत असेल तर ती कुणाकडे घ्यायची. जोड लावण्याआधी हे भोंग्यावरून दोनदा वाचून दाखवा.